न भेटलेल्या माणसाकडून काम करून घेताना

काम बाहेर द्यायचे ठरले की बहुतेक व्यावसायिक सर्वांत आधी विचारतात, ‘माणूस कुठे मिळेल?’ कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या लोकांकडून मी माझ्या व्यवसायातील निम्म्याहून अधिक कामे गेली बरीच वर्षे करून घेत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून मला वाटते की हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आपल्या कामातला कोणता भाग सुटा करून दुसऱ्याच्या हाती देता येईल, हा पहिला प्रश्न. आणि तो भाग समोर बसवून न समजावता लिहून सांगता येईल का, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे तयार असली की फ्रीलान्सर, म्हणजे पगारावर न राहता एकेक काम घेणारा स्वतंत्र व्यावसायिक, मिळणे आज अवघड राहिलेले नाही. ती नसली, तर कितीही कुशल माणूस मिळाला तरी काम रखडते आणि ‘ऑनलाइन लोक असेच असतात’ असे म्हणून दोष त्याच्या माथी मारला जातो.

रोनाल्ड कोस या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये एक साधा वाटणारा प्रश्न मांडला होता: बाजारात हवी ती सेवा विकत मिळत असताना कंपन्या माणसे पगारावर का ठेवतात? त्यांचे उत्तर असे की योग्य माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे आणि झालेले काम तपासणे या प्रत्येक गोष्टीला खर्च येतो, आणि हा खर्च जिथे फार वाढतो तिथे माणूस आत घेणेच परवडते. कोस यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच काळात इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोचू लागले होते आणि या खर्चांपैकी पहिला, म्हणजे शोधण्याचा खर्च, पुढच्या काही वर्षांत झपाट्याने खाली आला. फाईल पाठवण्याचा खर्चही जवळपास शून्यावर आला. परंतु काम समजावून सांगण्याचा आणि तपासण्याचा खर्च तेवढा उतरला नाही. पूर्वी तो शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याशी बोलताना नकळत भागत असे. आता तो वेगळा, डोळ्यांना दिसणारा खर्च झाला आहे आणि तो काम देणाऱ्यानेच उचलायचा असतो. पुढे जे सांगितले आहे, ते मुख्यतः हा खर्च कसा आटोक्यात ठेवावा याविषयी आहे.

कोणते काम बाहेर द्यावे

काम निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. त्या कामाला सुरुवात आणि शेवट असावा. ते झाले की नाही हे झालेल्या कामाकडे पाहून ठरवता यावे, त्यासाठी करणाऱ्याच्या मागे उभे राहावे लागू नये. आणि त्यासाठी लागणारी सर्व माहिती एका फोल्डरमध्ये घालून देता यावी. भाषांतर, मांडणी, चित्रे, संकेतस्थळातील एखादा ठरावीक भाग, व्हिडिओचे संपादन, जुन्या नोंदींची सफाई ही कामे या तिन्ही कसोट्यांना सहसा उतरतात. याउलट ग्राहकाच्या तक्रारीवर काय निर्णय घ्यायचा, कोणता माल बंद करायचा, भाव किती ठेवायचा, अशी कामे बाहेर देऊ नयेत, कारण त्यांतले ज्ञान रोजच्या व्यवहारातून साचत जाते आणि ते व्यवसायाच्या आतच राहिले पाहिजे.

उशीर झालेले काम सावरण्यासाठी घाईघाईने बाहेरची माणसे घेण्याचा मोह मात्र आवरावा. आयबीएमच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे घातली की तो अधिकच लांबतो. यामागचे गणित सोपे आहे. चार माणसांत परस्पर संवादाच्या जोड्या ६ होतात, दहा माणसांत त्या ४५ होतात. शिवाय नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. काम बाहेर द्यायचे तर ते सुरळीत चालू असताना द्यावे.

काम लिहून सांगणे

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तो वाया गेल्याचे मला आठवत नाही. ब्रीफ म्हणजे कामाची इच्छा नव्हे, कामाचे वर्णन. एका कॅटलॉगच्या उदाहरणावरून हा फरक दिसेल. बहुतेक ब्रीफ असा असतो: ‘आमचा कॅटलॉग नव्याने करून हवा आहे, आधुनिक आणि आकर्षक दिसला पाहिजे, लवकर लागेल.’ या वाक्यावर दहा डिझायनर दहा वेगवेगळे भाव सांगतील आणि त्यांतला एकही खोटा नसेल, कारण पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल अशी त्यांची स्थिती झालेली असते.

तोच ब्रीफ असा लिहिता येतो. कॅटलॉग २४ पानांचा, ए-४ आकारात, उभा. त्यात ६० वस्तू; छायाचित्रे आणि वर्णने आम्ही देऊ, वस्तूंचा क्रम सोबतच्या एक्सेल फाईलमध्ये आहे तसाच ठेवावा. हा कॅटलॉग किरकोळ विक्रेते वापरतात आणि ते वस्तू नावाने नव्हे तर कोड क्रमांकाने शोधतात, म्हणून कोड क्रमांक पान चाळताना सहज दिसेल असा ठळक हवा. छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) रंगांतील पीडीएफ, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), छायाचित्रे ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके). मोबाईलवर पाठवण्यासाठी वेगळी हलकी पीडीएफ. मूळ खुली फाईल (जिच्यात पुढे बदल करता येतात ती) आणि वापरलेल्या फॉन्टची यादी काम संपताना द्यावी. आधी दोन पानांचा नमुना, तो मान्य झाल्यावर पूर्ण मांडणी, त्यानंतर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. मान्यता देणारी व्यक्ती एकच असेल. आमच्या जुन्या कॅटलॉगमध्ये आवडणारी पाने ४ आणि ११, कारण तिथे मोकळी जागा आहे. नको असलेले पान ७, कारण तिथे किंमत आणि कोड एकमेकांत मिसळतात.

या दुसऱ्या ब्रीफमधील सर्वांत मोलाचे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी कोड क्रमांकाचे वाक्य दाखवेन. ब्लीड किती ठेवायचा हे चांगल्या डिझायनरला आपल्याआधी माहीत असते. विक्रेता वस्तू कशी शोधतो हे मात्र त्याला कुठेही वाचायला मिळणार नाही; ते फक्त आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की सांगायचे राहून जाते. म्हणून ब्रीफ लिहून झाला की स्वतःला विचारावे: वापरणारा कोण, तो हे कुठे आणि कशासाठी उघडणार, आणि आमच्या व्यवसायातली कोणती गोष्ट बाहेरच्या माणसाला अंदाजानेही कळणार नाही? तेवढी तीन-चार वाक्ये भरली की ब्रीफ पुरा होतो. मान्यता देणारी व्यक्ती एकच, हे वाक्यही गाळू नये. तिघांनी तीन दिशांनी दुरुस्त्या पाठवल्या की फ्रीलान्सर सर्वांचे समाधान करू पाहतो, आणि हाती येते ते कोणालाच नको असलेले काम.

माणूस निवडताना

पोर्टफोलिओतील, म्हणजे आधीच्या कामांच्या संग्रहातील, कामे सुंदर दिसतात, पण त्यांतला कोणता भाग या व्यक्तीने स्वतः केला हे त्यांतून कळत नाही, कारण पुष्कळ कामे चार-पाच जणांनी मिळून केलेली असतात. म्हणून एक काम निवडून सरळ विचारावे: ‘यात तुमचा वाटा कोणता होता, आणि अडचण कुठे आली होती?’ खरे काम केलेला माणूस अडचणीविषयी तपशिलाने बोलतो. दुसरी खूण म्हणजे ब्रीफ वाचल्यावर तो काय विचारतो. ब्रीफ पाठवल्यावर पाच मिनिटांत ‘होऊन जाईल’ असे उत्तर देणाऱ्यापेक्षा, ‘६० वस्तूंपैकी किती वस्तूंना एकाहून अधिक छायाचित्रे आहेत?’ असे विचारणारा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्याने मनातल्या मनात काम सुरू केलेले असते.

मोठे काम देण्यापूर्वी त्याचाच एक छोटा तुकडा द्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. नमुना म्हणून फुकट काम मागण्याची प्रथा मला अन्यायाची वाटते, आणि ती व्यवहारातही तोट्याची आहे: ज्यांच्या हातात चांगले काम असते ते अशा मागणीला उत्तरच देत नाहीत, त्यामुळे चाळणीतून नेमके उलटे लोक उरतात. त्या छोट्या तुकड्यात केवळ कामाचा दर्जा पाहू नये. वेळ चुकणार असेल तर आधी कळवले का, न कळलेली गोष्ट विचारली का, सुचवलेला बदल पटला नाही तेव्हा तसे सांगितले का, याही गोष्टी पाहाव्यात.

करार, मालकी आणि पैसे

तोंडी ठरलेले काम दोघांनाही वेगवेगळे आठवते, म्हणून काम लहान असले तरी एक पानाचा करार असावा. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यात ठरावीक रकमेपुढच्या फ्रीलान्स कामासाठी लेखी करार बंधनकारक केला आहे, आणि पैसे देण्याची तारीख करारात नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत ते द्यावेत अशी तरतूद आहे. आपल्याकडे तसा कायदा असो वा नसो, हे दोन्ही नियम स्वतःहून पाळण्यासारखे आहेत.

मालकीबाबत बऱ्याच जणांचा समज चुकीचा असतो. पैसे दिले म्हणजे चित्र, मजकूर किंवा सॉफ्टवेअरचा कोड आपोआप आपल्या मालकीचा झाला, असे नसते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट बहुतेक ठिकाणी मालकाकडे जातो. फ्रीलान्सरच्या बाबतीत मात्र अनेक देशांच्या कायद्यांनुसार तो लेखी हस्तांतरण होईपर्यंत करणाऱ्याकडेच राहतो. त्यामुळे कॉपीराइट कोणत्या टप्प्यावर, किती काळासाठी आणि कोणत्या वापरासाठी हस्तांतरित होणार हे करारात स्पष्ट लिहावे. सहसा तो शेवटचे पैसे मिळाल्यावर हस्तांतरित होतो, आणि ते योग्यच आहे. फॉन्ट, विकत घेतलेली छायाचित्रे, संगीत यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत, आणि कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली असल्यास कुठे वापरली, हेही लेखी घ्यावे. आपली गोपनीय माहिती अशा साधनांत टाकायची नसेल तर तसे काम सुरू होण्याआधी सांगावे.

खाती आणि लॉगिन यांच्याविषयी मी स्वतः एक धडा घेतला आहे. पहिले संकेतस्थळ करून घेताना डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणी त्या फ्रीलान्सरने सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवरून केली आणि मी तिकडे लक्ष दिले नाही. काम उत्तम झाले, पैसे दिले, आम्ही एकमेकांचे आभार मानले. पुढे नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याने वापरणे बंद केलेल्या त्या पत्त्यावर जात राहिली, आणि एका सकाळी संकेतस्थळ उघडेना. त्याचा फोन क्रमांकही तोवर बदलला होता. तो सापडेपर्यंत आणि डोमेन माझ्या खात्यावर येईपर्यंत ११ दिवस गेले. त्या दिवसांत ज्या ग्राहकांनी ईमेल पाठवले, त्यांना मी व्यवसाय बंद केला असेच वाटले असणार. तेव्हापासून डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा), जाहिरातींची खाती, सामायिक फोल्डर हे सर्व माझ्या व्यवसायाच्या ईमेलवर उघडले जाते आणि फ्रीलान्सरला त्यात कामापुरता वेगळा प्रवेश दिला जातो. स्वतःचा पासवर्ड मी कोणालाही देत नाही, कारण जवळपास प्रत्येक सेवेत दुसऱ्या व्यक्तीला मर्यादित अधिकारांसह जोडण्याची सोय असते.

पैशांची विभागणी कामाच्या टप्प्यांनुसार करावी. नव्या माणसाबरोबर मी सुरुवातीला काही भाग, नमुना मान्य झाल्यावर काही भाग आणि शेवटी उरलेला भाग देतो. काम देणारे आणि करणारे यांना जोडणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळावरून काम करत असाल तर बहुतेक ठिकाणी टप्प्याचे पैसे आधी जमा करून ठेवण्याची सोय असते. कमिशन वाचवण्यासाठी पहिल्याच कामात व्यवहार त्या संकेतस्थळाबाहेर नेला तर तंटा झाल्यास दाद मागायला जागा उरत नाही, आणि अनेकदा तो त्या संकेतस्थळाच्या नियमांचा भंगही ठरतो. बिल आले की ठरलेल्या तारखेला पैसे गेलेच पाहिजेत. फ्रीलान्सरला महिनाअखेरचा पगार नसतो. आपण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो तेव्हा त्याच्या घरखर्चाचे गणित बिघडते. वेळेवर पैसे देणाऱ्या क्लायंटचे काम हे लोक आधी हातात घेतात, हेही मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

एक कायदेशीर बाब मात्र जाणकाराला विचारूनच ठरवावी. एखाद्याला फ्रीलान्सर म्हणायचे आणि त्याच्या कामाचे तास, साधने, सुट्या आपणच ठरवायच्या, दुसऱ्या कोणाचे काम करायची बंदी घालायची, तर अनेक देशांत कायदा त्याला कर्मचारीच मानू शकतो आणि त्यानुसार कर व सामाजिक सुरक्षेची जबाबदारी आपल्यावर येते. तसे संबंध हवे असतील तर नोकरी द्यावी.

रोजचे काम कसे चालवावे

दूर असलेल्या माणसांनी मिळून मोठे काम करण्याच्या सर्वांत जुन्या आणि भक्कम उदाहरणांपैकी एक म्हणजे लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीच्या गाभ्यात जगभरातील हजारो लोकांनी भर घातली आहे आणि त्यांतले पुष्कळ जण एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. त्यांचा नियम पाहण्यासारखा आहे: कोणताही बदल एकटा पाठवायचा नाही, त्याच्यासोबत काय बदलले आणि का बदलले हे लिहायचेच. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या साधनात प्रत्येक बदलाबरोबर अशी टीप साठवली जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या कोडमधील एका ओळीचे कारणही आज वाचता येते. सॉफ्टवेअरशी संबंध नसलेल्या व्यवसायालाही यातला ‘का’ उचलता येतो.

माझ्याकडे प्रत्येक कामासाठी एक सामायिक दस्तऐवज असतो आणि त्यात निर्णयांची नोंद तारखेनिशी होते. बोलणे फोनवर झाले, व्हिडिओ कॉलवर झाले किंवा चॅटवर झाले, तरी त्यातून निघालेला निर्णय दोन ओळींत तिथे लिहिला जातो: ‘मुखपृष्ठावर छायाचित्र नाही, फक्त नाव, कारण मागच्या वर्षी छापलेला माल छायाचित्रातल्यापेक्षा वेगळ्या रंगाचा निघाला होता.’ व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेली दुरुस्ती, ईमेलमधली दुसरी दुरुस्ती आणि फोनवर उच्चारलेली तिसरी, यांतली कोणती अंतिम, हा प्रश्न मग उद्भवत नाही. फाईलच्या नावाला ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अगदी अंतिम’ अशा शेपट्या लावण्याऐवजी तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक लावावा.

तारखेबाबत एक बारकावा आहे. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च होते आणि इतर बऱ्याच देशांत ३ एप्रिल. म्हणून महिना अक्षरात लिहावा, किंवा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. या क्रमामुळे फोल्डरमधील फाईलीही आपोआप काळानुसार लागतात. वेळ सांगताना कोणाच्या शहरातली वेळ ते लिहावे. अमेरिका आणि युरोप आपापली घड्याळे उन्हाळ्यासाठी वेगवेगळ्या रविवारी पुढे करतात, त्यामुळे मार्चमधील दोन-तीन आठवडे दोन शहरांतील नेहमीचे अंतर एक तासाने बदललेले असते आणि वर्षभर सुरळीत चाललेली साप्ताहिक बैठक त्या आठवड्यांत हमखास चुकते. वेळांच्या फरकाकडे अडचण म्हणून पाहण्याची गरज नाही. दिवस संपताना स्पष्ट लिहिलेली दुरुस्ती पाठवली तर आपण झोपेत असताना ती पूर्ण होऊन सकाळी समोर येते. ती अस्पष्ट असेल तर मात्र सकाळी एक प्रश्न समोर येतो आणि पूर्ण दिवस हातचा जातो.

म्हणून अभिप्राय कसा लिहावा हे शिकून घेतले पाहिजे. ‘मजा येत नाही’, ‘जरा उठाव द्या’, ‘काहीतरी कमी वाटते’ अशा अभिप्रायांवर समोरचा माणूस केवळ अंदाज बांधू शकतो. त्याऐवजी जागा, अडचण आणि परिणाम सांगावा: ‘पान ९ वर आधी किंमत दिसते आणि मग वस्तू, विक्रेत्याने आधी वस्तू पाहावी असे मला वाटते.’ उपाय शक्यतो त्याच्यावर सोडावा, कारण त्यासाठीच तर आपण त्याला पैसे देतो आहोत. मी पूर्वी ‘हे अक्षर मोठे करा, ते डावीकडे घ्या’ असे सांगत असे. अडचण सांगायला लागल्यापासून कितीतरी वेळा माझ्या सूचनेपेक्षा चांगला उपाय परत आला आहे. जे आवडले तेही नेमके सांगावे, नाहीतर दुरुस्तीच्या फेरीत तेच बदलले जाते.

काम संपवताना

शेवटचे पैसे देण्यापूर्वी प्रत्येक फाईल स्वतःच्या संगणकावर उघडून पाहावी. केवळ फोल्डर मिळाला यावर समाधान मानू नये. खुली फाईल उघडते का, फॉन्ट गायब होत नाहीत ना, संकेतस्थळाचा बॅकअप प्रत्यक्षात पुन्हा बसवता येतो का, हे तपासायला एक दुपार पुरते. त्यानंतर फ्रीलान्सरकडून एक पानाची टीप मागावी: काय केले, कशात केले, पुढे बदल करायचा झाला तर कुठून सुरुवात करावी. या टिपेसाठी लागणारा वेळ सुरुवातीच्याच भावात धरलेला असावा. मग त्याचे सर्व प्रवेश काढून घ्यावेत आणि तसे त्याला कळवावे. यात अविश्वास काही नाही, पुढे कधी गडबड झालीच तर संशय त्याच्यावर येऊ नये यासाठीही ते आवश्यक असते.

काम चांगले झाले असेल तर त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, त्याच्यासाठी चार नेमक्या ओळींचा अभिप्राय लिहून द्यावा, कारण त्याला पुढचे काम त्या ओळींवर मिळते. आणि पुढच्या हंगामात त्याच माणसाची गरज लागणार असेल तर महिना-दीड महिना आधी कळवून त्याचे दिवस राखून ठेवावेत. आपले काम निघेपर्यंत तो रिकामा बसून राहणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.